साहेबाची झोपलेली मासोळी

हसणार नसाल तरच सांगतो! अशी फजिती आमच्या सालेकसा गावात दुसऱ्या कुणाची झाली नसेल. आणि चूक म्हणे माझी!

इंग्रजांचा अंमल होता. मी डाकबंगल्यात खानसामा, तोही कच्च्या नोकरीवर. एक साहेब उतरला. आफ्रिकेतल्या नद्यांमधले मासे तपासत हिंडलेला, आता आमच्या बाघ नदीचे बघायला आलेला. मासे संपत चाललेत, ते जगवले पाहिजेत, असं भेटेल त्याला सांगायचा. तो खूश झाला तर माझ्या पक्क्या नोकरीसाठी वर शब्द टाकणार होता.

सकाळी नदीवर निघताना त्याने माझ्या हातात मातीचा एक गोळा दिला. वाळून दगड झालेला.

"अफ्रीका से लाया हूँ। अंदर मछली है। संभालो!"

एवढंच बोलला आणि गेला. आता तुम्हीच सांगा, खानसाम्याच्या हातात मासा दिला तर तो काय करेल? पूजा?

आमच्या जंगलपट्टीत मासोळी पानात गुंडाळतात, वरून माती थापतात आणि निखाऱ्यात पुरतात. मला वाटलं, आफ्रिकेतही हीच रीत! साहेबाने एवढ्या लांबून माती लावून तयार मासा आणला, म्हणून माझा तर ऊर भरून आला. दिला गोळा निखाऱ्यात सारून.

संध्याकाळी फोडला. आत ना पान, ना मीठ. कसली आळशी माणसं! मीठ-मिरची मीच लावली.

साहेबाने बोटं चाटून खाल्लं.

"वाह! कौन सी मछली है?"

"आप ही की, हुजूर!"

"मेरी?"

"वो मिट्टीवाली!"

साहेब ताडकन उभा राहिला. मग मटकन खाली बसला. ताटातले काटे गोळा करत रडवेल्या आवाजात म्हणाला, "वो ज़िंदा थी! सो रही थी!"

तिकडे नदी आटली की हा मासा चिखलात शिरून महिनोन्‌महिने झोपतो म्हणे. अरे, मग आधी सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?

पक्की राहिली बाजूला, कच्चीही गेली. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तीही साहेबाच्याच बाजूने!

"पाण्याबिगर जिती राह्यली ते! समुद्र लांघून आली! अन् तुमच्या हाती एक दिवस नाही टिकली?"

"मले का मालूम, झोपून राह्यली म्हणून!"

ते तिने बरोबर ध्यानात ठेवलं. तेव्हापासून झोपलेलं लेकरू माझ्याजवळ ठेवून पाण्याला निघाली की दारातून बजावते, "जितं हाय हो! झोपून राह्यलं! चुलीपाशी नका नेऊ!"