वाई ते सांगली, डावीकडे ओढणाऱ्या गाडीतून

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि त्यांनी गाडी विकायचं ठरवलं. "आता चालवणार कोण?" म्हणाले. लायसन्स माझ्याकडे होतं, पण वाईच्या बाहेर मी गाडी कधी नेली नव्हती. सांगलीजवळच्या माधवनगरची आत्या केव्हाची बोलावत होती. मी म्हटलं, "सांगलीपर्यंत मी नेते. नाही जमलं तर खुशाल विका." ते हो म्हणाले, पण चेहरा हो म्हणत नव्हता.

आदल्या दिवशी गॅरेजमध्ये टायरांची अदलाबदल करून घेतली. पाचही टायर सारखे झिजावेत म्हणून पुढचे मागे, मागचा एक पुढे उजवीकडे, दुसरा डिकीत आणि डिकीतली स्टेपनी पुढच्या डाव्या चाकाच्या जागी.

सकाळी सहाला निघालो. साताऱ्यात चहा घेतला, आत्यासाठी कंदी पेढे घेतले. तिथपर्यंत सगळं हळूहळू, ठीक चाललं होतं. पुढे हायवेवर वेग घेतला आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. मी स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरलं. उंब्रजच्या अलीकडे समोरून ट्रक आला, मी जरा बाजू दिली, तर डावी चाकं थेट मातीत! पुढे उसाची बैलगाडी होती. हातभर अंतरावर गाडी थांबली.

"स्टिअरिंग सोडतेस कशाला?" अण्णा ओरडले.

"नाही सोडलं, अण्णा. गाडीच ओढतेय."

"गाडी कशाला ओढेल? आपले हात कच्चे आहेत म्हणावं."

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मनगटं दुखत होती. त्याहून वाईट म्हणजे मला त्यांचं पटायला लागलं होतं. कराडला गाडी लावायची आणि एसटीने पुढे जायचं, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

कराडच्या नाक्यावर पंक्चरचं एक दुकान होतं. मालक सलीमभाई, पन्नाशीचे. गाडी थांबायच्या आतच ते पुढच्या डाव्या चाकाकडे बघत होते.

"टायर फिरवलं का हो?" त्यांनी विचारलं.

"काल," मी म्हटलं.

"आन हवा?"

मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी माझ्याकडे. सलीमभाईंनी मीटर लावला. स्टेपनीत जेमतेम निम्मी हवा होती.

"आवं काका, पुढच्याची हवा येगळी, मागच्याची येगळी. टायरची जागा बदलली म्हून हवा आपसूक बदलत न्हाई. आन ही स्टेपनी तर कवापास्नं तशीच पडून असंल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, इथवर वढून धरली व्हय गाडी? लय झालं की!"

आताच्या गाड्यांत हवा कमी झाली की दिवा लागतो. टायर फिरवल्यावर ते सेन्सरही नव्याने सेट करून घ्यावे लागतात. तुम्ही निघायच्या आधी विसरू नका. आमच्या वेळी ते ध्यानात ठेवायचं काम माणसाचंच होतं, आणि आम्ही तिघांनीही, गॅरेजवाल्यासकट, ते केलं नव्हतं.

हवा नीट भरून पुढे निघालो. मलकापूर ओलांडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. अण्णा म्हणाले, "हात जरा सैल सोड बघू." मी सोडले. गाडी सरळ, रेघ आखल्यासारखी.

थोड्या वेळाने ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मघाशी उगाच बोललो तुला."

पेठ नाक्यावरून इस्लामपूर, आष्टा करत दुपारच्या आत माधवनगर. रस्ता अरुंद, पण दोन्ही बाजूंनी ऊस आणि हळद, त्यामुळे कंटाळा येत नाही. आत्याने शेंगदाण्याचं कूट घातलेलं भरलं वांगं आणि भाकरी केली होती. दुसऱ्या दिवशी सांगलीत कृष्णेच्या घाटावर बसून भडंग खाल्लं. आत्याने विचारलं, "दादा, गाडी विकतोयस म्हणे?"

"कोण म्हणालं?" अण्णांनी भडंगातला शेंगदाणा शोधत उत्तर दिलं.

तिसऱ्या दिवशी परतलो. साताऱ्याच्या पुढे अण्णा माझ्याशेजारी झोपले, मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं. आत्याचा खाऊ केव्हाच संपला, घाटावरचे फोटो अंधुक निघाले. पण ती झोप मला अजून दिसते. वाईत घरासमोर गाडी थांबवली तरी ते जागे झाले नाहीत. मी त्यांना उठवलं नाही. तशीच बसून राहिले.