फरहानाचे बारा राउटर

लोहाऱ्यात तहसीलकडं जाताना आमच्या घराची पुढची खोली लागते. तिथं फरहाना शेख राउटर दुरुस्त करते, त्याला सहा वर्षं झाली. तिचे यजमान सरदारभाई वडापची जीप चालवतात. फरहाना आयटीआयला शिकलेली, मग नेट जोडून देणाऱ्या एका कंपनीत होती. ती कंपनी बंद पडली आणि तिचे राउटर लोकांच्या घरात, शाळांत तसेच पडून राहिले.

का पडून राहिले, ते तिनं मला एकदा समजावून सांगितलं. राउटर चालू केला की आत सगळ्यात आधी एक लहानसा प्रोग्रॅम जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. त्याला बूटलोडर म्हणतात. कंपनीनं तो असा बांधून ठेवलेला, की दुसऱ्या कुणाचं सॉफ्टवेअर तो आत घेतच नाही. फरहाना स्वतःचा बूटलोडर लॅपटॉपवर तयार करते, राउटर उघडून आतल्या आठ पायांच्या चिपला चिमटा लावते आणि जुन्याच्या जागी नवा भरते. पण त्याआधी जुन्याची नक्कल काढून ठेवते. राउटरच्या खालच्या बाजूला चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावरचा नंबर त्या नकलेला देते. माझी पूजा एखाद्या दिवशी राहील, तिची नक्कल राहत नाही.

गेल्या नवरात्रात मुख्याध्यापक गौरीशंकर सर शाळेचे बारा राउटर घेऊन आले.

"बाई, हे भंगारातच जायचे होते. यातला एक जरी बंद निघाला, तर बाकीच्या शाळांना मी काय तोंड दाखवू?"

"बारा घेतले सर, बाराच चालू करून देते. सोमवारी."

आसपासच्या नऊ शाळांत असेच राउटर पडून होते. सरांचे नीट झाले तरच ते काम तिच्याकडं येणार होतं.

बाराही बाहेरून सारखे. उघडले तरी माझ्या-तुमच्या डोळ्याला फरक कळत नाही. पण आठ जुन्या बनावटीचे होते, चार नव्या, आणि एकाचा बूटलोडर दुसऱ्याला चालत नाही. बनावट कोणती ते खालच्या चिठ्ठीवर. फरहानानं नकला काढल्या, आठ आणि चार असे दोन ढीग लावले आणि आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वाशीला गेली. किल्ली माझ्याकडं.

दोन दिवसांनी खंडेनवमी. आमच्यात विळ्या-कोयत्यापासून मिक्सरपर्यंत सगळ्याची पूजा होते. फरहानाची हत्यारंही दरवर्षी मीच पुसून ठेवते, तिची त्याला ना नसते. त्या दिवशी राउटरही पुसायला घेतले. खडूची भुकटी, पालीची घाण. ओल्या फडक्यानं चिठ्ठ्या सुटायला लागल्या, तशा नखानं खरवडून पार काढल्या. कुंकू लावलं आणि परत आठ आणि चार असे रचले. मोजून ठेवले म्हणजे झालं, असं मला वाटलं.

दसरा झाल्यावर ती आली.

"काकू, डब्यांचीबी पूजा?" हसली. मग एक डबा उलटा केला. "चिठ्ठ्या कुठं गेल्या?"

"लई घाण होत्या ग."

"ढीग तर हलवले न्हाईत ना?"

"न्हाय न्हाय. आठ हायेत, चार हायेत. मोज की."

माझ्या शब्दावर तिनं आठातला पहिला घेतला. जुन्या बनावटीचा बूटलोडर भरला, वीज दिली. एकही दिवा लागेना. दोनदा बघितलं, मग माझ्याकडं वळली.

"काकू, खरं सांगा."

"पुसताना सगळे एकत्र केले होते," मी म्हटलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"जुनी नक्कल हाय की तुझ्याकडं."

"बारा हायेत. ह्याची कोणती? नंबर नकलेतच असतो. दुसऱ्याची भरली तर एका नंबरचे दोन राउटर हुतील, शाळेत दोघं एकमेकाचं नेट पाडत बसतील."

मी मनात भवानीआईला म्हटलं, माझी चूक या पोरीच्या पदरात घालू नको. फरहानानं तो राउटर बाजूला ठेवला. मग उठली.

"एक मेला. अकरा अजून बोलत्यात. घ्या लिहायला कॅलेंडरचं पान."

प्रत्येक राउटर जागा होताना लॅपटॉपवर आपला नंबर दाखवतो. एकेकाला तीन तारा जोडून ती नंबर वाचायची. नंबरात इंग्रजी अक्षरं; मी मराठी शाळेतली, पण एबीसीडी लिहिता येते. लिहायची आणि मोठ्यानं परत वाचून दाखवायची. अकरा नंबर झाले. ते नकलांच्या यादीतून खोडले, तर एकच उरला. त्याच्यापुढं नव्या बनावटीची खूण होती.

"हाच," ती म्हणाली.

चिमटा एकदा निसटला. दुसऱ्यांदा बसला. त्याची जुनी नक्कल भरली आणि हिरवा दिवा लागला. मग नव्या बनावटीचा तिचा बूटलोडर भरला. यादीमुळं बाकीच्यांचीही बनावट कळली होतीच.

सोमवारी सरांनी शाळेत एकेक लावून बघितला. बारा चालले. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"सर, ह्यातला एक माझ्यामुळं मेला होता. हिनं उठवला."

"मेलेला उठवता येतो?" सरांनी विचारलं.

"नक्कल असली की येतो," फरहाना म्हणाली.

त्याच आठवड्यात नऊ शाळांचे राउटर आले. यंदाच्या खंडेनवमीला तिनं स्वतःच्या घरचा राउटर माझ्या हातात दिला.

"ह्याची करा पूजा, काकू. बाकीच्या राउटरांनी लांबूनच दर्शन घेतलंय."