झोप ओळखणारी गाडी

नवी गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळचा चहा घेऊन, आम्ही दोघं दौंडहून शिरूरला निघालो. आबांना, म्हणजे सासऱ्यांना, गाडी दाखवायची होती. पण खरं सांगायचं तर माझा जीव पाटसच्या पुढच्या हायवेत अडकला होता. ही गाडी हायवेवर आपली लेन स्वतः धरते आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवते, असं शोरूममध्ये सांगितलं होतं. आठवडाभर मी शेजाऱ्यांना तेच सांगत होतो. पन्नाशीला आलेला माणूस, कुरकुंभच्या कारखान्यात इतकी वर्षं शिफ्ट केलेला, आणि मला आदल्या रात्री नीट झोप आली नव्हती, इतका आनंद.

हायवेला लागल्यावर मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पडद्यावर अक्षरं आली, समोरचा सेन्सर झाकला गेला आहे. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. गाडी कडेला घेतली आणि शोरूमला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "पुढं हार घातलाय का?"

घातला होता. बायकोनं पहाटे उठून झेंडूचा हातभर जाड हार ओवला होता आणि जाळीवर बरोबर मधोमध बांधला होता.

"सगळेच घालतात," बाई म्हणाल्या. "काढा, मग चालंल."

बायकोला हे पटलं नाही. "देवाचा हार काढायचा आन् मशीनवर भरवसा टाकायचा?"

"काढून आत ठेवू. आतूनपण देव बघतोच की."

"तुम्हाला लई माहिती देवाचं," असं म्हणत तिनं हार सोडला आणि मांडीवर घेऊन बसली.

आता बटण दाबलं तर पडद्यावर दोन हिरव्या रेघा उमटल्या. मी हात स्टिअरिंगवरून बोटभर उचलले. गाडी सरळ चालली. पुढं उसाचा ट्रक होता, त्याच्यामागं ती आपोआप हळू झाली. ट्रक डावीकडं सरकला तशी तिनं वेग घेतला. थोड्या थोड्या वेळानं ती हात ठेवा म्हणून आठवण करी. मी हात ठेवी आणि परत उचली. माझ्या अंगावर काटा आला होता.

"कुत्रं हाय डावीकडं," बायको म्हणाली.

हे ती सात वर्षं म्हणत आली आहे. रस्त्याच्या कडेला दिसणारं प्रत्येक कुत्रं ती मला सांगते. मी "बघितलं" म्हणतो. याच हायवेवर, वरवंडच्या अलीकडं, आमची जुनी गाडी दुभाजकाला घासली होती आणि तिचं डावं मनगट मोडलं होतं. अजूनही जड पातेलं उतरवताना ती ते मनगट दुसऱ्या हातानं धरते. कुत्रं आडवं आलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. तिला, सासऱ्यांना, डॉक्टरांना. अपघात झाला त्या क्षणी ती पिशवीत काहीतरी शोधत होती, तिनं समोर पाहिलंच नव्हतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि तेव्हापासून ती कुत्र्यांवर नजर ठेवून आहे.

तेवढ्यात टुंग असा आवाज झाला आणि पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र आलं.

"चहा बी देती का ही?" ती म्हणाली.

"नाही. मला झोप येतीय असं तिला वाटलं. इथं एक कॅमेरा आहे, तो डोळे बघतो. मी हसत होतो ना, हसताना माझे डोळे बारीक होतात."

"म्हंजी झोप ओळखती? मग कुत्रं ओळखती का?"

तिनं सहज विचारलं होतं. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवले. इतका वेळ अंगात जो आनंद उसळत होता त्यानंच बहुधा मला बळ दिलं. शांतपणे बसून मला हे कधीच सांगता आलं नसतं.

"त्या दिवशी कुत्रं नव्हतं," मी म्हणालो. "मी डबल शिफ्ट करून आलो होतो. तू म्हणालीस, तासभर पडा, मग निघू. मी ऐकलं नाही. मला झोप लागली."

वरवंड गेलं. चौफुल्याला आम्ही हायवे सोडला आणि शिरूरच्या रस्त्याला लागलो. इथून गाडी माझी मलाच चालवायची होती.

केडगाव मागं पडल्यावर ती म्हणाली, "सात वर्षं मी कुत्री मोजतीय."

"हो."

"मला झोप न्हाई यायची गाडीत. बरोबरचे सगळे डुलक्या काढायचे, मी बाहेर बघत बसायची. तुमच्याकडं बघायला पाहिजे होतं."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आन् आबांना तुम्ही सांगायचं. मी एक शब्द बोलणार न्हाई."

न्हावऱ्याच्या पुढं एक कुत्रं रस्त्याच्या अगदी कडेला उभं होतं. तिनं ते पाहिलं. काही बोलली नाही. मी वेग कमी केला आणि ते गेल्यावर पुन्हा वाढवला. मग माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडं बघतेय, कॅमेऱ्यासारखी एकटक. मला लाज वाटली, आणि खोटं का बोलू, हलकंही वाटलं.

शिरूरला आबा नारळ घेऊन दारातच उभे होते. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "झकास हाय. आरं पण हार कुठाय? आन् वाटंत कुत्रं-बित्रं न्हाई ना आलं आडवं?"

बायको हार हातात घेऊन माझ्याकडं पाहत राहिली.

"आबा," मी म्हणालो, "नारळ जरा थांबून फोडू. आधी मला तुम्हाला एक सांगायचंय."