रविवारचा तिसरा माणूस

शांतवनमामा तोरणे यांच्या ताब्यात दोन दारं होती. एक कंपनीचं, एक देवाचं. भोंगा झाला की कंपनीचं गेट लागायचं, शेवटची घंटा झाली की चर्चचं दार. बाहेर कोण राहिलं हे मामा बघत नसत. खाकी शर्ट काढून पांढरा घातला म्हणून माणसानं का बदलावं, असं त्यांचं म्हणणं.

बासष्ट साली ते राहुरीकडून पिंपरीला आले, ते एक पत्र्याची पेटी, बायको केसरबाई आणि जुनं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन. पेटी पुढे गंजली, पुस्तकाची पानं सुटली, केसरबाई तेवढ्या खणखणीत राहिल्या. कासारवाडीच्या बाजूला स्प्रिंगा करणाऱ्या एका कारखान्यात मामांना वॉचमनची नोकरी लागली आणि पिंपळे गुरवच्या शिवेवरच्या अँग्लिकन चर्चमध्ये घंटा वाजवायचं काम त्यांनी मागून घेतलं. ते चर्च म्हणजे कुणा गोऱ्या इंजिनियरानं स्वतःच्या कुटुंबापुरती बांधलेली दगडी खोली. वर पत्रे, आत आठ बाक, बाहेर एक बाभळ. साहेब गेला, घंटा राहिली.

मामांची उपासना म्हणजे कवायत होती. विश्वासांगीकाराला पूर्वेकडे तोंड, पापांची कबुली द्यायच्या पापांगीकाराला दोन्ही गुडघे. कुणी एकच टेकला, तर मामा त्याच्याकडे असे बघायचे की दुसरा आपोआप खाली जायचा. सत्तर साली निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एक झाल्या आणि काही लोक उभ्यानंच प्रभुभोजनाची भाकर घेऊ लागले. मामा म्हणाले, "एक झालो ना आपण? मग त्यांनी गुडघे टेकावेत."

आता या पट्ट्याची एक गंमत होती. वीज पुरवून वापरायची म्हणून इकडच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी. सगळा देश रविवारी पाय ताणून पडायचा, तेव्हा पिंपरी-चिंचवडचा माणूस सायकलला डबा अडकवून कामावर निघायचा. ख्रिस्ती माणसाची यात मोठी पंचाईत झाली. देवानं रविवार दिला होता आणि वीज मंडळानं गुरुवार. वीज मंडळाचं ऐकलं नाही तर पगार कापला जायचा. देव त्या मानानं सबुरीनं घेणारा.

मामांना ही अडचण कधी आली नाही. गुरुवारी बंद कारखाना राखायला वॉचमन लागतो आणि त्याची बदली सुट्टी मामांना मिळायची ती नेमकी रविवारी.

"मामांचं बरंय," देवदान साळवे म्हणायचा. "त्यांच्या देवाचं आणि साहेबाचं आधीच बोलणं झालेलं आहे."

हा देवदान म्हणजे खराळवाडीत राहणारा फिटर. हात काळे, जीभ त्याहून तिखट. त्याचं आणि मामांचं वाकडं आलं ते त्याच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला. देवदानची तिसरी पाळी होती, रात्रीची. मशीन बिघडलं म्हणून फोरमननं थांबवून घेतलं आणि भोंग्यानंतर तो जीव खाऊन सायकल मारत आला, तोवर शेवटची घंटा झालेली होती. दार बंद.

"मामा, माझ्याच पोरीचा बाप्तिस्मा आहे."

"मग वेळेवर यायला काय झालं होतं?" आतून उत्तर आलं.

देवदान खिडकीशी जाऊन गजांना धरून उभा राहिला. आत पोर अंबूबाईंच्या मांडीवर. त्या धर्ममाता, पोरीचं नाव पाळकांना त्यांनीच सांगायचं. बिचाऱ्या साध्या म्हाताऱ्या, असल्या मानाची सवय नव्हती. पाळकांनी विचारलं, "या बालकाचं नाव काय?" बाईंना आयुष्यात जेव्हा जेव्हा कुणा मोठ्या माणसानं नाव विचारलं होतं, रेशनच्या रांगेत नाहीतर दवाखान्यात, तेव्हा त्यांनी जे सांगितलं होतं तेच त्यांनी इथंही सांगितलं. "अंबू."

"करुणा," देवदान खिडकीतून ओरडला. "अहो, करुणा ठरलंय."

उपासनेत बाहेरून आवाज येतो म्हणून मामांनी खिडकी लावून घेतली. पोर अंबू झाली ती झाली. त्या दिवशी देवदान बोलून गेला, "मामा स्वतः दार उघडून या म्हणत नाहीत, तोवर त्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही." आणि त्यानं आपल्या घरी गुरुवारची संध्याकाळची प्रार्थना सुरू केली. आधी चार डोकी, मग खोली भरून लोक व्हरांड्यात.

इकडे रविवार सुकत चालला. आठ बाकांवर शेवटी तिघं उरली: मामा, केसरबाई आणि अंबूबाई. मामांचं त्यानं काही अडलं नाही. जुन्या नियमाप्रमाणे पवित्र सहभागितेला, म्हणजे प्रभुभोजनाला, पाळकाबरोबर निदान तीन माणसं लागतात, आणि तिघं होती. मामा रिकाम्या चर्चची घंटा अशी वाजवत, की जणू बाहेर जत्रा लोटली आहे.

पण ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंबूबाईंची लेक संगमनेरला बाळंत झाली आणि बाई तिकडे गेल्या. पुढच्या रविवारी खडकीहून केदारी पाळकसाहेब स्कूटरवरून आले. तरुण माणूस, नवीनच नेमणूक, शिवाय लगेच खडकीची उपासना गाठायची घाई. त्यांनी बाकांवर नजर टाकली. नजर टाकायला फार वेळ लागला नाही.

"दोघंच? असू द्या मामा. दोघांना देतो. देव काय मोजदाद करत बसतो का?"

मामांनी पुस्तक उघडलं. पान सुटलेलं होतं तरी बोट बरोबर ओळीवर पडलं. "नियम तिघांचा आहे साहेब."

"अहो, तुमच्याच सोयीसाठी म्हणतोय."

"सोयीसाठी नियम मोडायचा तर मग गुरुवारीच या की."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना रागावायचं असलं की ते चष्मा पुसत. "ठीक आहे. नियम म्हणजे नियम. आज नुसती प्रार्थना करू. ईस्टरला मात्र तिघं हवीत. नसली तर इथली रविवारची फेरी मी बंद करतो, तुम्ही दोघं बसनं खडकीला या. कमिटी कधीची म्हणतेय, या जागेला कुलूप घाला."

घरी जाताना केसरबाई म्हणाल्या, "साहेब दोघांवर राजी होते. तुम्हीच त्यांना नियम दाखवला."

"मग काय लपवून ठेवायचा?"

"न्हाई, दाखवा ना. आता खडकीच्या बसलाबी दाखवा."

मामा तिसऱ्या माणसाच्या शोधाला लागले. ईस्टरच्या रविवारी पहिल्या पाळीवाले पहाटेच निघणार, दुसऱ्या पाळीवाले ओव्हरटाइमला लवकर बोलावलेले, तिसऱ्या पाळीवाले भोंगा होईपर्यंत आत. एकाला ताप आणायला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "मामा, खोटं बोलून पुनरुत्थानाला येऊ?" मामा खजील होऊन परत फिरले.

चर्चशेजारच्या मळ्याचे सोपानराव म्हशीला पाणी दाखवत होते. मामांचं तोंड बघून म्हणाले, "काय वाचमन, घंटा हरवली का काय?"

मामांनी सगळं सांगितलं.

"हात्तिच्या. मी बसतो की. इतकी वरसं घंटा ऐकून ऐकून मला समदं पाठ हाय. कवा उठायचं, कवा वाकायचं."

"तसं नाही चालत. आधी बाप्तिस्मा लागतो, मग बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून दृढीकरण करावं लागतं."

"बिशपसायेब कवा येनार?"

"पुढल्या वर्षी."

"मग ऱ्हाऊ द्या," सोपानराव म्हणाले. "पर गर्दी म्हनून लागलं तर सांगा. मागच्या बाकावर बसंन. म्हशीचं आटपून."

रात्री मामा जेवायला बसले. केसरबाईंनी भाकरी वाढली आणि सहज बोलल्यासारखं बोलल्या, "तिसरं माणूस सगळ्या पिंपरीत हुडकताय. तुम्ही दार लावून बाहेर ठेवलेली मोजली तर चर्चला पुरायची न्हाईत का?"

"दार मी माझ्यासाठी लावत नाही."

"देवासाठी लावता. ठाऊक हाय. त्याला कधी विचारलंय का, लावू का म्हणून?"

मामांनी ताट सरकवलं. पण भाकरी संपवून.

ईस्टरआधीचा पवित्र गुरुवार आला. दिवसभर मामांनी बंद कारखाना राखला. संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर सायकल घराकडे वळायची ती खराळवाडीकडे वळली. का वळली हे त्यांनी सायकललाच विचारलं असतं. देवदानच्या खिडकीतून उजेड येत होता. मामा बाजूला उभे राहिले आणि गजांतून आत बघू लागले.

आत त्यांची सगळी मंडळी सतरंजीवर बसलेली. जी आठ बाकांवर मावली नसती इतकी. देवदान शास्त्र वाचत होता. मध्येच एक जण बाजाराची पिशवी घेऊन आला, दोघं सरकली, तो बसला. थोड्या वेळानं आणखी एक बाई, कडेवर पोर. कुणी घड्याळ बघितलं नाही. प्रार्थनेला मात्र सगळी खाली वाकली, आणि मामांनी सवयीनं मोजलं: दोन्ही गुडघे. सगळ्यांचे दोन्ही गुडघे.

देवदानच्या बायकोनं, मार्थानं, खिडकीकडे बघितलं. "अहो मामा, बाहेर का? आत या ना."

"नको," मामा म्हणाले. "उशीर झालाय मला."

आत खसखस पिकली. देवदान दारात आला. पायाशी ती अंबू, आता चांगली चालती-बोलती, बापाचा लेंगा धरून.

"बोला मामा."

"रविवारी पहाटे पुनरुत्थानाची उपासना आहे."

"आम्ही पुढच्या गुरुवारी करतोय ईस्टर. सुट्टी असते."

मामा ताठ उभे राहिले. "प्रभू तिसऱ्या दिवशी उठला देवदान. तुमच्या कंपनीला सुट्टी कधी म्हणून आठवडाभर वाट बघत पडला नव्हता."

"खरंय," देवदान म्हणाला. "पण आमची तिसरी पाळी. भोंगा झाल्यावर सुटणार, तोवर तुमची घंटा झालेली असते. आणि घंटेनंतर काय होतं, ते आमच्या अंबूला विचारा."

मामांना खूप काही बोलायचं होतं. अंबूबाई गेल्या, पाळकसाहेब येणं बंद करतील, घंटेला गंज चढेल. पण गेटवर 'आत घ्या' म्हणायची सवय असते ती बाहेर उभं राहणाऱ्याला. आतल्या वॉचमनला नसते. ते पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नाव चांगलं आहे हो," आणि सायकलवर बसले.

ईस्टरच्या पहाटे केसरबाईंनी वेदीवर सोपानरावांच्या मळ्यातला मोगरा ठेवला. सोपानराव स्वतः धुतलेलं धोतर नेसून मागच्या बाकावर बसले होते, गर्दी म्हणून. पाळकसाहेब झगा घालून आतल्या खोलीत तयार. शेवटची घंटा झाल्याशिवाय पाळकानं वेदीकडे यायचं नाही, हा नियम मामांनीच बसवलेला. मामांनी दोर हातात धरला, पूर्वेकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर एक कुत्रं होतं.

"मामा, घंटा?" आतून आवाज.

"देतो साहेब."

मामांनी दोर सोडला आणि परत धरला. पूर्व तांबडी झाली. केसरबाई वळून बघू लागल्या. बारा वर्षांत ही घंटा एका मिनिटानं चुकली नव्हती. कासारवाडीचे लोक तिच्यावर घड्याळं लावायचे.

"मामा, दोर तुटला का?"

"गाठ बसलीय साहेब. सोडवतोय." मामांच्या हातातला दोर सरळ होता, काठीसारखा. आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि तेही चर्चच्या दारात. त्यांनी तोंडातल्या तोंडात पापांगीकार म्हणून घेतला, म्हणजे पुढे गर्दी नको.

सूर्य वर आला. पाळकसाहेब झगा सावरत बाहेर आले. "अहो, मला खडकी गाठायची आहे. आणि पुनरुत्थान पहाटेचं असतं."

"असतं साहेब," मामा म्हणाले. "पण मंडळीला कळायला थोडा वेळ लागला होता."

एवढ्यात कासारवाडीकडून तिसरी पाळी सुटल्याचा भोंगा झाला. एरवी भोंगा ऐकला की मामांचा हात गेटच्या कडीकडे जायचा. आज हात दोरावरच राहिला. पाळकसाहेब चष्मा पुसायला लागले. चष्मा लख्ख पुसून झाला, परत पुसायला घेतला, तेव्हा बाभळीच्या पलीकडे सायकलच्या घंट्या ऐकू आल्या. एक नाही, बऱ्याच.

पुढे देवदान. अंगात तेलाचे डाग पडलेला कारखान्याचा डांगरीचा पोशाख, मागच्या कॅरिअरवर पोरीला घेऊन कंपनीच्या गेटाशी थांबलेली मार्था, पुढच्या दांडीवर अंबू. त्याच्या मागे तिसऱ्या पाळीचे आणखी चौघं-पाचजण, डोळे तांबारलेले. सायकली बाभळीला टेकल्या. बाकीचे उंबऱ्यापाशी येऊन थांबले, देवदानकडे बघत. देवदान पायरीच्या खालीच उभा.

"मामा, आज घंटा ऐकू आली नाही. गेट बंद झालं का?"

केसरबाईंनी आतून खाकरलं. मामा पायरी उतरून खाली गेले. जे वाक्य इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी तोंडातून निघालं नव्हतं ते निघायला जरा वेळ लागला.

"शेवटची घंटा व्हायचीय अजून," ते म्हणाले. "या आत."

"हात धुतले नाहीत. ग्रीस आहे."

"गुडघे आहेत ना दोन्ही? मग या."

मामांनी घंटा वाजवली. अशी वाजवली की म्हैस दावं तोडायला निघाली आणि सोपानरावांना मागच्या बाकावरून उठून तिला गप्प करून यावं लागलं. ते परत आले तेव्हा विश्वासांगीकार चालू होता. मामांचा हात सवयीनं दाराकडे गेला, कडीपर्यंत पोचला आणि तिथं घुटमळला. मग त्यांनी पायानं बाहेरचा एक धोंडा ओढला आणि उघड्या दाराला टेकवला, वाऱ्यानंसुद्धा लागू नये म्हणून.

अर्धी प्रार्थना झाल्यावर आणखी दोघं आली. मामांनी त्यांना बाक दाखवला. मनगटावरचं घड्याळ मात्र बघितलं, त्या दोघांना दिसेल असं.