उतार झाला, उंबरा ऱ्हायला

आमच्या साळूला, म्हंजी माझ्या बायकोला, कुणी उचललेलं खपत नव्हतं. आन उचलल्याबगर तिला घराबाहेर पडता येत नव्हतं. सत्त्याण्णव साली कांद्याच्या ट्रॉलीवरनं पडली आन कमरंखालचं सगळं गेलं. मंचरच्या नेमीचंद शेठनी त्यांच्या आईची चाकाची खुर्ची दिली. खुर्ची आली, पण आमच्या अवसरीच्या घराचा ओटा ह्यो एवढा उंच! माझं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, वजन उचलायची बंदी. मग तिला उचलायचं कुणी? माझ्या थोरल्या भावानं, गेणभाऊनं.

आता बघा राव, लगीन होऊन आली तवापासनं थोरल्या दिरापुढं जिनं डोईचा पदर ढळू दिला न्हाई, तिला त्यानं दोन्ही हातांवर घ्यायची. ती डोळं गच्च मिटायची, पदर तोंडावर वढायची. गेणभाऊ बिचारा आभाळाकडं बघत चालायचा. आन मी, लग्नाचा नवरा, मागनं मोकळी खुर्ची घिऊन. लई लाज वाटायची. ती म्हणायची, "माझं मला भाईर जाऊ द्या वो. दुसरं काय मागत न्हाई."

म्हणून ओट्याला उतार करायला सोपान गवंड्याला बोलावलं. पायऱ्यांच्या बाजूनं दगड लावलं, मुरूम भरला, वरनं कोबा केला. चाक घसरू नये म्हणून खराट्यानं रेघा मारल्या. सोपान रोज विचारायचा, "वहिनी, झाला का उतार पसंत?" साळू खिडकीतनं हसायची. "आधी उतरून बघती, मग सांगती."

कोबा वाळला. सगळी आळी गोळा झाली. साळू नवं लुगडं नेसून, आपल्या हातानं चाकं फिरवत दारापत्तुर आली आन खुर्ची थटली. उंबरा! चार बोटं उंच सागवानी उंबरा! सोपाननं ओटा मापला, खुर्ची मापली, दार मापलं. पण जन्मभर पाय उचलून वलांडलेला उंबरा आमच्या एकाच्याबी ध्यानात आला न्हाई. काय म्हणावं आमच्या अकलेला!

"त्यात काय, करवत आणतो," सोपान म्हणला. साळूनं वाकून उंबऱ्यावर हात ठेवला. "आधी माझ्या हातावर चालव. उंबरा गेला तर माझ्या सुनंचं माप कुठं ठिवायचं?"

आमचा सुदर्शन तवा कॉलेजात. लग्नाचा पत्ता न्हाई आन हिला सुनंचं माप! मी म्हणलं, वरनं फळी टाकू. तर म्हणती, "उंबऱ्यावर पाय देत न्हाईत, मी चाकं कशी देऊ?" माझं डोस्कं फिरलं. "मग बस आत!" म्हणून वरडलो. ती बसली. खरंच बसली.

अशी किती वर्सं गेली. उतारावर पोरं घसरगुंडी खेळली, शेरडं बसली, मी मिरच्या वाळत घातल्या. दवाखान्यात जायचं तर पुन्हा गेणभाऊच. साळू मात्र रोज सकाळी खुर्चीतनं वाकून उंबरा पुसायची, हळदीकुंकू वाहायची. मला त्या लाकडाचा असा राग यायचा, पण सांगतो कुणाला!

सुदर्शन चाकणला कंपनीत लागला आन दोन हजार चारला त्याचं अश्विनीसंगं लगीन ठरलं, मंचरच्या कार्यालयात. लग्नाच्या दिवशी सकाळीच साळूनं तांदळानं माप भरून उंबऱ्याशी ठिवलं. "आज सून आत आली की उद्या खुशाल कापा," म्हणली. अक्षता पडल्या तशी ती गेणभाऊसंगं जीपनं पुढं घरी गेली, सुनंला ओवाळायचं म्हणून.

जेवणं उरकल्यावर सुदर्शननं मला बाजूला घेतलं. "दादा, आमी हितनं सरळ चाकणला जातो. फ्लॅट नवा हाय, अश्विनीनं माप तिथंच वलांडायचं ठरलंय. तिच्या घरच्यांनी समदी तयारी केलीया. आईला तेवढं तुमी सांगा."

आरं, आई त्या मापासाठी आत बसली की रं! हे तोंडापत्तुर आलं. पण व्याह्यांदेखत काय बोलणार? "बरं," म्हणलो.

घरी आलो तर साळू दारात, उंबऱ्याच्या आत. मांडीवर आरतीचं ताट. माझ्या मागं बघाया लागली. मागं कुणी नव्हतंच. कसंबसं सांगितलं. तिनं माप उचललं, तांदूळ डब्यात वतलं, झाकण लावलं. "सोपानला उद्या बोलवा," म्हणली.

दुसऱ्या दिवशी सोपान करवत घिऊन आला. कापायचं घडीभराचं तर काम. साळू चाकं फिरवत ओट्यावर आली, उतारावरनं अंगणात गेली. कुणी हात लावला न्हाई. पुढं गेणभाऊ उभा व्हता. तिनं खुर्ची थांबवली आन डोईवरचा पदर नीट केला. सोपान उगं हसला, "वहिनी, झाला का पसंत?"

"लई चांगला झालाय उतार, भाऊ," ती म्हणली. मग वळून त्या सपाट दाराकडं बघितलं आन जी रडाया लागली, ती थांबंना. पळत खाली जावं, तिला जवळ घ्यावं असं लई वाटलं. पण कापलेला उंबरा माझ्या हातात व्हता. हळदीकुंकवाचं लाकूड, भुईवर टाकवंना आन कुठं ठिवावं ते समजंना. मी तसाच ओट्यावर उभा ऱ्हायलो.