बसून खाणारा सर्व्हर

माझी नोकरी नागपुरातल्या एका नकाशांच्या ऑफिसात. उपग्रहाने टिपलेली शेतांची चित्रं तुकड्यातुकड्यांनी आमच्या खोलीभर यंत्रांवर विखुरलेली असतात आणि कुठला तुकडा कुठे आहे, हे फक्त मेटाडेटा सर्व्हरला ठाऊक. लग्नघरात भांडारघर सांभाळणारी मावशी झोपली, की लाडू असूनही पाहुणे उपाशी, तसंच. म्हणून मी असे सर्व्हर दोन ठेवले होते. एक काम करणार, दुसरा त्याच्यावर डोळा ठेवून बसणार.

नेमकं ते बसणं साहेबांना खुपलं.

"हा दुसरा काहून बसून राहिला गा?"

"पहिला पडला तर उभं राहायले, साहेब."

"पडला का कधी? नाही ना? मग दसरा झाला की याले माझ्या केबिनमध्ये पाठव. माझा कम्प्युटर लय हळू चालून राहिला."

मी चिडलो. आकृत्या काढून दाखवल्या. साहेब "छान काढलं" म्हणाले आणि दसऱ्याचा हुकूम तसाच राहिला. दुसरा सर्व्हर गेला, की कधीतरी सगळं ऑफिस ठप्प होणार आणि शिव्या मीच खाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. सर्व्हरला हळदीकुंकू लावायला माझा दरवर्षी विरोध असतो आणि दरवर्षी मला कोणी विचारत नाही. मौद्याहून येणाऱ्या आमच्या हिशेबाच्या बाईंनी विचारलं, "यातला मुख्य कोणता?" मी दाखवला. झालं! त्याला ठसठशीत कुंकू आणि झेंडूचा हा जाडजूड हार. दुसऱ्याला साधं फूलही नाही.

"बसून खाणाऱ्याले कायचा हार?" साहेब म्हणाले. सगळे हसले. मी पेढा खाल्ला, पण रागानेच.

दुपारी तो हार सर्व्हरच्या जाळीला गच्च चिकटला. आतला पंखा हवा ओढायला जायचा आणि वाट्याला यायचा झेंडू. पहिला सर्व्हर तापून बंद पडला. पडद्यांवरची चित्रं क्षणभर थबकली, दुसऱ्याने कारभार हाती घेतला आणि कामं पुन्हा सुरू! मला इतका आनंद झाला, की मी धावतच केबिनमध्ये गेलो.

"साहेब, पहिला पडला! अन् कोणाले कळलंबी नाही!"

साहेबांनी शांतपणे विचार केला. "कोणाले कळलंच नाही? म्हणजे पहिल्याचीच गरज नव्हती. दुसरा राहू दे, मी पहिला नेतो."

आणि खरंच उठून आले. मी कपाळाला हात लावून मागोमाग. साहेब वाकले, दोन्ही हात पुढे केले, तेवढ्यात माझी नजर कुंकवावर गेली.

"साहेब, पुजलेलं यंत्र आजच जागचं हलवता?"

साहेबांचे हात हवेतच थांबले. बाई हळूच म्हणाल्या, "बरं नाही दिसत, साहेब. उद्याबी नाही अन् परवाबी नाही."

उचलायला पुढे केलेले हात साहेबांनी तिथेच जोडले.

तेव्हापासून माझा विरोध मावळला. खंडेनवमीला करंडा घेऊन सगळ्यांच्या आधी मीच उभा असतो आणि पहिलं कुंकू त्या वर्षी जो बसून असेल त्याला लावतो. हार मात्र दाराला.