एमिनेबाईंचा टॉवेल

पुण्याहून निघाले त्या दिवशी आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, "हिला शारजाला कपडे सांभाळायची नोकरी लागलीय." काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की 'विद्यापीठात, काकू, विद्यापीठात!' असं मला जिन्यावरून ओरडावं लागलं. बाबा रिक्षात बॅगा चढवत म्हणाले, "जुन्या कपड्यांसाठी एवढ्या लांब कशाला? आपल्या माळ्यावर काय कमी आहेत?"

पण काम खरंच तेच. इथल्या विद्यापीठाकडे जुन्या तुर्की कापडांचा संग्रह आहे: कफ्तान, लग्नातले रुमाल, भरतकामाच्या चादरी. कसर मरावी म्हणून नवीन आलेलं कापड आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं. आमचा वॉचमन शाजी अजून विचारतो, "मॅडम, कपडे को गरमी लगता है क्या?" ऑगस्टमध्ये हा प्रश्न मलाही वेडगळ वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पहिलं प्रदर्शन भरवलं. मानाच्या जागी होता एक टॉवेल. हो, टॉवेलच, पण दोन्ही टोकांना रेशमाची लाल फुलं आणि जरीची पानं. तो दिला होता एमिनेबाईंनी. ऐंशीच्या घरातल्या या तुर्की बाई शारजाजवळच्या उम्म अल कुवैनला मुलाकडे राहतात. टॉवेल त्यांच्या आजीने भरलेला. मी त्याला कधी हातमोज्यांशिवाय हात लावला नव्हता.

उद्घाटनाच्या सकाळी एमिनेबाई सगळ्यांच्या आधी आल्या. काचेची पेटी उघडीच होती, मी आतला दिवा नीट करत होते. टॉवेल दिसताच त्यांना रडू फुटलं, आणि मी "नो, नो!" म्हणेपर्यंत त्यांनी तो उचलून डोळे पुसले. मग नाकही.

आमचे डायरेक्टर, इजिप्तचे डॉक्टर समीर, दारातच थिजले. "खलास!" एवढंच म्हणाले. पाहुणे तासाभरात येणार होते.

एमिनेबाई मात्र शांत. "आजीने पुसायलाच केला होता," त्या मला इंग्रजीत म्हणाल्या. "आणि इथे आल्यापासून मी रडलेच नव्हते."

मी टिपकागदाने ओल टिपली. धुवायला घेतला असता तर लाल रंग सुटला असता. एक पुसट डाग राहिला तो राहिलाच. एमिनेबाईंना मी पेटीशेजारीच खुर्ची दिली, मुख्यतः नजरेखाली ठेवायला. तिथे बसून त्या येईल त्याला सांगू लागल्या, "फुलं आजीची, डाग माझा." लोक कफ्तान सोडून टॉवेलपाशी गर्दी करायला लागले. संध्याकाळी डॉक्टर समीर म्हणाले, "उद्याही बोलवा त्यांना. पण टिश्यूचा डबा ठेवा, हबीबी."

घरी, माझ्यासोबत इथे राहणाऱ्या लेकीला हे सगळं रंगवून सांगितलं. फोनमधून मान न काढता ती म्हणाली, "बट आई, इट्स अ टॉवेल."

मे महिन्यात पुण्याला गेले. आंघोळीला निघाले तर आईने कपाटातून कोरा, घडीचा टॉवेल काढून दिला. पाहुण्यांसाठीचा.

"माझा जुना कुठाय?"

"त्याची फडकी केली लादी पुसायला. तू आता वर्षातून एकदा येणार, तुला चांगला नको का द्यायला?"

कोरा टॉवेल पाणी टिपत नाही. मी निथळतच बाहेर आले. "केस कोण पुसणार?" असं म्हणत आईने मला खाली बसवलं आणि स्वतःच्या पदराने माझं डोकं खसाखसा पुसायला घेतलं. मान दुखली, तरी मी हलले नाही.

शारजात बाथरूमच्या दारामागे माझा विटका टॉवेल लटकतो. तेव्हा घर आता इथे आहे, हे कबूल. डोकं मात्र अजून पुण्यातच पुसलं जातं.